पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’

पंडिता रमाबाईंविषयी आपल्याकडे आजवर जे लिहिले गेले, त्याचा मोठा भाग त्यांच्या धर्मांतराच्या वादाने व्यापिला आहे. कोणी त्यांस स्वधर्मद्रोही ठरविले, कोणी अबलांची माउली म्हणून गौरविले. परंतु ज्या लहानशा पुस्तकात त्यांनी स्वतःच्या अंतरंगाचा हिशेब मांडिला, ते पुस्तक म्हणून वाचण्याचे कष्ट दोन्ही पक्षांतील थोड्यांनीच घेतले. १९०७ साली निघालेली ही इंग्रजी ‘साक्ष’ एका बैठकीत वाचून होते. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि पुस्तकाच्या अखेरीस वाचकास जे आवाहन केले आहे ते स्वीकारण्याची आमची तयारीही नाही. तथापि पुस्तक मिटल्यावर त्यातील एक प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला, आणि तो बाजूस सारणे आम्हांस जमले नाही.

पापी मनुष्याने आपल्या उद्धाराची हकीकत सांगावी, हा पाश्चात्त्य वाङ्मयातील एक जुना प्रकार आहे. संत ऑगस्टीनने पोरवयात चोरलेल्या नासपतींचा पश्चात्ताप पानेच्या पाने केला. जॉन बन्यनने १६६६ च्या आपल्या आत्मवृत्तात विटीदांडूसारखा खेळ आणि देवळातील घंटा वाजविण्याची हौस यांनाही पापाच्या यादीत बसविले. पाप केवढे याला तेथे महत्त्व नसते; ते वाचकाला डोळ्यांसमोर दिसावे लागते. ते दिसल्याशिवाय क्षमेचे मोल कळत नाही. रमाबाईंनी हाच साचा घेतला आहे. पण त्यांच्या पूर्वायुष्यात आपणांस दिसते काय? अनंतशास्त्री डोंगऱ्यांसारख्या विद्वान, निःस्पृह पित्याचे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडते, दुष्काळ पडतो, भीक मागण्याची लाज, मजुरी करण्याची सवय नाही, विद्या तर कोणी विकत घेत नाही, आणि १८७४ पासून थोड्याच काळात आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसे उपासमारीने जातात. हे सारे त्यांनी इतक्या कोरड्या वाक्यांत सांगितले आहे की वाचणाऱ्याचा श्वास अडखळावा. यात दुःख आहे, भूक आहे, नवससायासांनी न पावलेले देव आहेत. पाप मात्र कोठेच नाही. साचा पाप्याचा आणि मजकूर भुकेल्याचा, असा हा विजोड प्रकार आहे. पुस्तकाचे सारे बल आणि सारी उणीव या विजोडपणात आहे, असे आमचे मत आहे.

पुढे कलकत्त्यास ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्यावर त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. एरवी एकमेकांशी न जुळणारे ते ग्रंथ दोन बाबतींत एकमत आहेत असे त्यांस आढळले: स्त्री ही जात्याच अमंगळ, आणि पुरुषाप्रमाणे मोक्षाचा अधिकार तिला नाही. मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांचे अभंग कानांवर घेऊन वाढलेल्या मराठी वाचकास हे विधान सरसकट वाटेल, आणि ते तसे आहेही. परंतु अभंग गाणाऱ्या त्याच घरांतून व्यवहार मात्र स्मृतींप्रमाणे चालत असे, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. केडगावच्या संस्थेस रमाबाईंनी ‘मुक्ति’ हे नाव दिले, ते या नाकारलेल्या अधिकाराकडे पाहूनच दिले असावे, असे आम्हांस वाटते.

पुस्तकाचा गाभा मात्र लंडनमधील फुलहॅम येथील एका भेटीत आहे. वाँटेजच्या ज्या भगिनीसंघाकडे रमाबाई इंग्लंडात उतरल्या, त्याच संघाचे ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी फुलहॅमला एक घर होते. भगिनींनी त्यांस ते दाखविले. तेथे त्यांनी काय पाहिले? पूर्वी समाजाने बाहेर टाकलेल्या काही स्त्रिया आता आजाऱ्यांची आणि दुबळ्यांची शुश्रूषा करीत होत्या. अशा स्त्रियांसाठी काही करावयाचे असते, ही कल्पनाच आपणांस नवी होती, असे ही संस्कृतज्ञ बाई निःसंकोचपणे लिहिते. ख्रिस्ती लोकांस या स्त्रियांविषयी कळवळा का वाटावा, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली शोमरोनी स्त्री, पाच नवरे होऊन गेलेली. आणि तिच्यापाशी पाणी मागणारा परक्या जातीचा प्रवासी. ज्या समाजात कोणाच्या हातचे पाणी चालते यावरून माणसाची योग्यता ठरे, त्या समाजातून आलेल्या ब्राह्मणकन्येच्या मनात या कथेतील पहिल्याच वाक्याने केवढी खळबळ केली असेल, हे इंग्रज वाचकास कदाचित कळणार नाही, आपणांस कळावे. येथे रमाबाई स्वतः पापी म्हणून उभ्या नाहीत. त्या पाहुण्या म्हणून आल्या आहेत आणि पाहून थक्क झाल्या आहेत. म्हणूनच हे पान खरे उतरले आहे. मोडलेले आयुष्य सांधले जाते काय, याचा निवाडा त्यांनी पोथीवर सोपविला नाही. सांधलेली माणसे प्रत्यक्ष पाहून केला.

आमच्या आजोबांची एक बालविधवा बहीण आमच्या लहानपणापर्यंत हयात होती. घरात तिला कोणी वावगा शब्द बोलत नसे. परंतु तिला काय हवे आहे, असे कोणी एकदा तरी विचारल्याचे आम्हांस स्मरत नाही. ‘साक्षे’तील हे पान वाचताना ती माजघरातल्या कोपऱ्यासह आमच्यापुढे येऊन बसली, हे कबूल केले पाहिजे.

यानंतर पुस्तक उतरणीस लागते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळाला सुमारे आठ वर्षांनी, असे त्या सांगतात. हा भेद मार्मिक आहे. पण त्या आठ वर्षांतील झगडा दाखविण्याऐवजी त्या वचनांमागून वचने उद्धृत करीत जातात, आणि त्यांचा स्वतःचा आवाज त्या काळच्या इंग्रजी प्रवचनांच्या ठरीव भाषेत बुडून जातो. तो आवाज केवढा ताठ होता, हे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारावरून कळते. सिस्टर जेराल्डिन यांस त्या निक्षून कळवितात की, भटांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविले आहे, ते पाद्र्यांचे चढविण्यासाठी नव्हे. त्रैक्याचे तत्त्व पटल्यावाचून मान्य करणार नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त विश्वास आणि विनोद शेजारी शेजारी नांदतात, रमाबाईंना हसू येत नाही हे खरे, पण पत्रांतील हा बाणा ‘साक्षे’त उतरता तर हसूची उणीव कोणास भासली नसती.

आमचा मुख्य आक्षेप याहून निराळा आहे. १८९३ साली शारदासदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात यावरून पुण्यात गहजब झाला आणि रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. त्या गहजबात दांभिकपणा पुष्कळ होता. पण तटस्थतेच्या वचनाचा प्रश्न खोटा नव्हता. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया वाचवून आणल्या, आणि १९०० नंतर केडगावची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाची घाणी, छापखाना अशी कामे तेथे बायकाच चालवीत. कोणत्याही धर्माच्या अनुयायाने मान लववावी असे हे कार्य आहे. परंतु ज्या स्त्रीने विशपांपुढे स्वतःच्या विवेकाचा हक्क सोडला नाही, तिने मरणाच्या दारातून आणलेल्या पोरीस तो हक्क कितपत दिला? जिला दुसरे घरच नाही तिच्या ‘हो’ला किती अर्थ असतो? भुकेचा अनुभव ज्यांनी स्वतः लिहिला, त्यांस हा प्रश्न सुचला नसेल असे वाटत नाही. ‘साक्षे’त तो नाही. तेथे वाचलेल्या मुली समुदाय म्हणून येतात, कृतज्ञतेचा पुरावा म्हणून येतात. एकीचेही बोलणे आपल्या कानी पडत नाही.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलाचे भाषांतर करण्यात घालविली. त्यासाठी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. साध्या बाईला वाचता यावे अशी मराठी त्यांनी हेतुपुरस्सर योजिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. त्याचे खिळे केडगावच्या स्त्रियांनीच जुळविले होते. त्यांपैकी एखादीने बाईंचा मजकूर जुळवून झाल्यावर स्वतःच्याही चार ओळी जुळविल्या असत्या, तर त्या आम्ही ‘साक्षे’आधी वाचल्या असत्या.