ज्या खुनाला खुनीच नाही

सत्यजित राय यांच्या फेलूदा-कथांमध्ये ‘रॉयल बेंगॉलचे रहस्य’ ही मला सर्वांत धीट वाटते. १९७४ साली ती बंगालीत लिहिली गेली. पत्रकार अशोक जैन यांनी फेलूदाची बारा पुस्तकं मराठीत आणली, त्यांत तीही आहे. पुढे मी तिचं उत्तर उघड करणार आहे, कारण या कादंबरीचं सगळं मोठेपण त्या उत्तरातच आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांनी आधी पुस्तक वाचावं. हे परिच्छेद कुठे पळून जात नाहीत.

कथा उत्तर बंगालातल्या, भूतानला लागून असलेल्या जंगलात घडते. महीतोष सिंहराय हे जमीनदार घराण्यातले गृहस्थ नामांकित शिकारी आहेत आणि शिकारकथांचे लेखक म्हणूनही त्यांचं नाव आहे. त्यांच्या आजोबांनी गुप्तधनाचा ठावठिकाणा सांगणारं एक कूट पद्यात लिहून ठेवलंय. ते सोडवायला गुप्तहेर फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथाकार लालमोहनबाबू ऊर्फ जटायू तिथे येतात. मग वादळी रात्री महीतोषबाबूंचा सचिव तडित सेनगुप्त जंगलात जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचं वाघाने खाल्लेलं प्रेत सापडतं. आधी वाटतं, वाघाचं काम. मग घरातली जुनी तलवार नाहीशी झाल्याचं कळतं आणि वाटतं, माणसाचं काम. वाचक घरातल्या एकेका चेहऱ्याकडे संशयाने पाहू लागतो. मनाचा तोल गेलेला थोरला भाऊ आहे, जुना मित्र शशांक आहे, स्वतः यजमान आहेत.

ही कादंबरी मी मेळघाटातल्या सेमाडोहला, वनखात्याच्या पर्यटक संकुलात, घरच्यांना रात्री मोठ्याने वाचून दाखवली. परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठचं हे गाव. चहूकडे सागवान. रात्री करायला दुसरं काही नसतं, म्हणून पुस्तक. अकरा वर्षांच्या पुतण्यापासून मोठ्या आईपर्यंत सगळे ऐकायला बसले होते. एकाही पानावर मला अडखळावं लागलं नाही, एकही वाक्य गाळावं लागलं नाही. रहस्यकथेच्या बाबतीत ही गोष्ट सोपी नाही. प्रेत आहे, भय आहे, वाघ आहे, पण जखमेत बोटं घालून पाहण्याची हौस कुठेही नाही.

तलवारीचा भाग आला, तेव्हा मोठी आई मधेच म्हणाली, “काहून बापू, इज तं नसंन पळली त्याच्यावर?”

तिने रहस्य सोडवलं होतं. तडितबाबूने कूट उलगडलेलं असतं. तो तलवार घेऊन धन खणायला जातो आणि तिथे त्याच्यावर वीज कोसळते. वाघ येतो तो नंतर. तलवारीत चुंबकत्व आलंय हे फेलूदाच्या लक्षात येतं आणि त्या एका खुणेवरून सगळा उलगडा होतो. विजेचा प्रचंड प्रवाह लोखंडातून गेला की त्याचा चुंबक होऊ शकतो, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रातलं सत्य आहे. वऱ्हाडातल्या शेतकरी बाईला मात्र भौतिकशास्त्राची गरज पडली नाही. मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात वावरात माणूस वीज पडून जातो, हे तिने जन्मभर ऐकलंय. उघड्या रानात लोखंड हातात घेऊन उभं राहू नये, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. कोलकात्यातल्या वाचकाला जे उत्तर अद्भुत वाटेल, ते इथे पहिल्या शंकेतच सापडलं.

तरीही मजा गेली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. मोठी आई बरोबर निघाली, कारण राय यांनी काही लपवलेलंच नव्हतं. वादळ आधीच येऊन गेलेलं असतं, गडगडाट आपण ऐकलेला असतो. आपण त्याला वातावरणनिर्मिती समजून पुढे जातो. अभिजात रहस्यकथेचा प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच. पुरावा वाचकाच्या समोर ठेवायचा आणि त्याला दुसरीकडे बघू द्यायचं.

मग गुन्हा कुठे आहे? खुनी नाही, तर फेलूदा कोणाला उघडं पाडणार? इथे कादंबरी खोल जाते. महीतोषबाबू शिकारी नाहीत. ज्या वाघांच्या गोष्टींनी त्यांचं नाव झालं, त्या शिकारी शशांकने केलेल्या. ते लेखकही नाहीत. ती पुस्तकं तडितने लिहिलेली. दुसऱ्याची बंदूक आणि दुसऱ्याची लेखणी यांवर एका माणसाची कीर्ती उभी आहे. जंगलातल्या प्रेताचा उलगडा निसर्ग करतो आणि दिवाणखान्यातल्या चोरीचा उलगडा फेलूदा. दुसरा उलगडा मला जास्त अस्वस्थ करून गेला.

म्हणूनच कादंबरीतले लेखक मोजून पाहावेत. एक महीतोष. दुसरे जटायू, सवंग थरारकथा लिहिणारे, ज्यांच्या पुस्तकांत ढोबळ चुका असतात आणि त्या फेलूदा दुरुस्त करतो. तिसरा तोपशे, जो ही हकिगत सांगतो. सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की गोष्टीचा आरंभ कूटाने कर, ही सूचना फेलूदाची. म्हणजे कोणाकडून काय घेतलं, ते पहिल्याच पानावर कबूल. जटायूंच्या चुकांवर आपण हसतो, पण त्या चुका त्यांच्या स्वतःच्या आहेत, प्रत्येक ओळ त्यांनी स्वतः लिहिलेली आहे. महीतोषबाबूंच्या डौलदार गद्यापुढे हे भाबडे गृहस्थ एकाएकी उंच दिसू लागतात. राय यांनी हे कुठेही बोलून दाखवलेलं नाही. दोघांना एका घरात जेवायला बसवलं आणि काम झालं.

मेळघाटात ही गोष्ट वाचताना मारुती चितमपल्ली आठवल्याशिवाय राहत नाहीत. वनाधिकारी म्हणून त्यांनी या रानात काम केलं आणि पायांनी जे पाहिलं ते लिहिलं. मराठी वाचकाला जंगलाच्या लेखनाची ही सवय आहे. लिहिणारा आणि चालणारा एकच असतो. महीतोषबाबूंची लबाडी त्यामुळे आपल्याला अधिक बोचते.

कादंबरीचं साल पुन्हा पाहा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं. बंदूक टेकवून वाघाच्या धडावर पाय ठेवलेल्या फोटोची प्रतिष्ठा कायद्याने काढून घेतली, त्याच सुमारास राय यांनी एका कथेत ती प्रतिष्ठाच मुळात उसनी होती असं दाखवलं. त्यांनी ते ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण ज्या भूमीत कोरकू आदिवासी वाघाला देव मानतो, तिथे बसून वाचताना हा धागा हाताला लागतोच.

उणीवही आहे. या घरात बाई जवळजवळ नाहीच. फेलूदा-कथांमधली ही पोकळी जुनी आहे. किशोरांसाठी लिहायचं म्हणून राय यांनी प्रेम, मत्सर, शृंगार यांना फाटा दिला आणि त्याबरोबर स्त्रियाही गेल्या. मुलांना चालेल असं लिहायला एवढी किंमत द्यावी लागत नाही. आपल्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही बहुतेक मुलग्यांच्याच जगात सायकल दामटतो, हेही खरं. गुप्तधनाचं कूटही शेवटाकडे जरा घाईने मिटतं. तडितच्या मृत्यूपुढे मोहरांमध्ये कुणाला रस उरतो!

पुतण्याने लगेच पुढचं पुस्तक मागितलं. मी ‘कैलासातील कारस्थान’ काढून ठेवलंय. भुवनेश्वरच्या देवळातून तोडून नेलेलं यक्षीचं शीर, मूर्तिचोरांचा माग आणि तो माग थेट आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यात येऊन पोचतो. तिथे मात्र गुन्हेगार माणूसच आहे.