वहीतला किल्ला

गेल्या हिवाळ्यात आमच्या नातवाच्या शाळेची सहल ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर निघाली, आणि घरातले वडीलधारे म्हणून आम्हीही तिच्याबरोबर गेलो. साठ मुले, चार शिक्षक आणि तीन तास एवढ्या भांडवलावर मानमंदिर, सासबहूचे देऊळ आणि तेली का मंदिर अशी तीन स्थळे पाहून झाली. प्रत्येक ठिकाणी मुलांनी वहीत तीन ओळी उतरून घेतल्या : कोणी बांधले, केव्हा बांधले, कशासाठी बांधले. संध्याकाळी आम्ही ती वही चाळली. तिच्यात एकही चूक नव्हती. मात्र घराबाहेर पाऊल न टाकताही ती तशीच लिहिता आली असती. शाळांतून राष्ट्रीय स्मारके शिकविण्याच्या रूढ पद्धतीवर आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

शासकीय सेवेत हयात गेल्यामुळे फलक वाचण्याची आम्हांला खोड आहे. संरक्षित स्मारकापाशी मुलांच्या नजरेस प्रथम पडतो तो पुरातत्त्व खात्याचा निळा फलक. १९५८ च्या कायद्यान्वये हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे असून त्याची नासधूस करणारा शिक्षेस पात्र आहे, अशा आशयाचा मजकूर त्यावर असतो. २०१० च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही अशी झाली आहे. फलक आवश्यकच आहे. परंतु मुलाला शिक्षा आधी कळते, आणि जपावयाचे ते काय, हे अनेकदा कळतच नाही. संविधानाच्या ४९ व्या अनुच्छेदाने स्मारकांच्या रक्षणाचे काम राज्यसंस्थेवर सोपविले आहे. ५१-क अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे मोल जाणणे व तो जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. पहिले काम खाते करील. दुसरे शाळेने आणि घराने करावयाचे आहे.

ते कसे राहून जाते, हे सहलीच्या वाटेवरच दिसते. वाहने पश्चिमेकडील उरवाई दरवाजाने वर चढतात. तेथील कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती खिडकीतून क्षणभर दिसतात आणि मागे पडतात. त्या तोमर राजांच्या काळात, पंधराव्या शतकात, घडल्या. पुढे त्या नष्ट करण्याचा हुकूम आपण दिल्याचे बाबराने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. पूर्वेकडील पायवाट तर पूर्णच सुटते, आणि तिच्यावरचे चतुर्भुज मंदिर मुलांना दिसतच नाही. खडकातून कोरलेल्या त्या लहानशा देवळात विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख आहे. देवासाठी दिलेली फुलबाग २७० हात लांब व १८७ हात रुंद, आणि बागेतून रोज ५० हार यावेत, असा त्यातला हिशेब. या २७० व ५० मधील शून्ये आजच्यासारखीच वाटोळी आहेत. ‘शून्याचा शोध आमच्या गावी लागला’ अशी फुशारकी यावरून मारली जाते. ती खोटी आहे. लेख सांगतो ते याहून मोलाचे आहे : त्या काळी शून्य इतके अंगवळणी पडले होते, की फुलांच्या हारांच्या हिशेबातही ते सहज लिहिले जाई. मुलाला त्या वर्तुळापुढे दोन मिनिटे उभे केले, तर हे सांगावयास पुस्तक लागणार नाही.

सासबहूच्या देवळाची गत निराळी. तेथे वाटाड्याने सासू-सुनेच्या भांडणाची गोष्ट सांगितली आणि मुले मनमुराद हसली. वास्तविक हे नाव ‘सहस्रबाहू’ या शब्दाचा अपभ्रंश असावा, असे मानले जाते. मंडपातील दीर्घ लेखानुसार कच्छपघात राजा महीपाल याच्या काळी, संवत ११५० (इ. स. १०९३) मध्ये हे विष्णुमंदिर पूर्ण झाले. गोष्ट सांगू नये, असे आमचे म्हणणे नाही. लोक काय सांगतात आणि लेख काय सांगतो, हे शेजारी शेजारी ठेवून दाखवावे. पुरावा म्हणजे काय, याचा तो सर्वांत सोपा पाठ आहे.

खरी कसोटी मात्र किल्ल्याच्या पायथ्याशी, फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी लागते. तेथे मुले हात जोडतात, जयजयकार करतात, आणि धडा संपतो. राणीविरुद्ध कोण उभे होते, याचे ‘इंग्रज’ हे उत्तर पुरेसे समजले जाते. येथे आम्हा मराठी घरांचीही परीक्षा आहे. १ जून १८५८ रोजी मुरारजवळ तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी यांच्यासमोर जयाजीराव शिंदे स्वतः सैन्य घेऊन आले होते. त्यांचे बहुतेक शिपाई पलीकडे मिळाले, आणि महाराज व दिवाण दिनकरराव आग्र्यास गेले. त्याच महिन्यात राणीला वीरमरण आले. इंग्रजांनी महाराजांना गादीवर परत बसविले, पण किल्ला स्वतःकडे ठेवला. १८६१ मध्ये झाशी शहर शिंदे सरकारला मिळाले. १८८६ मध्ये ते इंग्रजांना परत गेले आणि त्याच्या मोबदल्यात हा किल्ला संस्थानाकडे आला. ज्या किल्ल्यावर मुले अभिमानाने फिरली, तो राणीची झाशी देऊन परत मिळविलेला आहे.

दौलतरावांच्या छावणीचे लष्कर शहर झाले, तिच्याबरोबर आलेल्या घराण्यांचे आम्ही वंशज. दोन्ही बाजूंस आपलीच माणसे होती, हे नातवंडांना सांगताना आमची जीभ अडखळते. कोवळ्या मनांत संभ्रम नको, अशी सबब आम्ही अनेकांकडून ऐकली आहे आणि पूर्वी स्वतःही दिली आहे. आज ती पटत नाही. संस्थान राखू पाहणारा राजा आणि सर्वस्व पणाला लावणारी राणी, यांच्या निर्णयांची तुलना दहावीचे मूल नक्कीच करू शकते. अर्धवट ऐकलेल्या मुलाला पुढे उरलेले अर्धे कोणाकडून तरी कळतेच, आणि त्या दिवशी त्याचा विश्वास आपल्यावरून उडतो.

दोष एकट्या शिक्षकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. अभ्यासक्रम लांब, तुकड्या मोठ्या आणि सहलीचा दिवस वर्षातून एकच. म्हणून आमच्या सूचना माफक आहेत. तीन स्थळांऐवजी एकच निवडावे. आधी वर्गात एक तास त्याची तयारी व्हावी. वहीत तीन उत्तरांऐवजी जागेवर पाहून सुचलेला एक प्रश्न लिहून घ्यावा. पंधरा वर्षांखालील मुलांना या स्मारकांत प्रवेश विनामूल्य आहे; तेव्हा पुढच्या खेपेस आजोबांनी न्यावे. ज्या घरांच्या ट्रंकांत सनदा व मोडी कागद पडून आहेत, त्यांनी ते बाहेर काढून मुलांपुढे मांडावेत. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ घरात असेल, तर झाशीच्या वेढ्याचा भाग त्यांना वाचून दाखवावा.

आम्ही पुढच्याच रविवारी नातवाला पुन्हा समाधीपाशी नेले आणि ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, “आजोबा, त्या दिवशी आपल्या घरातले लोक कोणत्या बाजूला होते?” आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. घरी येऊन मात्र माळ्यावरची ट्रंक उतरविली.