एकट्याचा वाद्यवृंद

पदरमोड करून छापलेल्या पुस्तकाकडे आपला वाचक दोन प्रकारें पाहतो: कोणी त्याची कींव करतो, तर कोणी लेखकाच्या जिद्दीला भुलून गुणदोष पाहण्याचेंच सोडून देतो. ध्वनिफितीची गोष्टही निराळी नाहीं. रेमो फर्नांडिस यांची ‘गोअन क्रेझी’ ही १९८४ सालची ध्वनिफीत कर्वेनगरांतील आमच्या घरीं आम्हीं पुनः ऐकली, ती या दोन्ही मोहांपासून दूर राहण्याच्या निश्चयानें.

हकीकत थोडक्यांत अशी. गोव्यांतील शिवोलीच्या या गायकानें मुंबईस स्थापत्याचें शिक्षण घेतलें. पण ओढ संगीताची. घरींच चार पट्ट्यांच्या लहानशा ध्वनिमुद्रण-यंत्रावर त्यांनीं स्वतःचीं गीतें गाइलीं, सारीं वाद्यें स्वतः वाजविलीं, वेष्टनही स्वतः सजविलें, आणि पिवळ्या स्कूटरवरून फिती गोवाभर दुकानदारांकडे पोंचविल्या. ज्या परिसरांत १९०० सालीं अण्णासाहेब कर्व्यांनीं झोपडी उभारली व जेथून ते फर्ग्युसन कॉलेजांत पायीं ये-जा करीत, तेथील रहिवाशांस त्या स्कूटरचें कौतुक वाटावें, हें स्वाभाविकच. परंतु श्रमांचें मोल वेगळें, कलेचें वेगळें.

यंत्राच्या मर्यादेनें कलेचें काय केलें, हा खरा प्रश्न. तीन पट्ट्या भरल्या कीं त्यांचें मिश्रण चौथीवर उतरवावें आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुढील सूर चढवावे, अशी या यंत्रांची रीत. प्रत्येक वेळीं थोडी खरखर वाढते, आणि एकदां झालेलें मिश्रण पुनः सुटें करतां येत नाहीं. म्हणून प्रत्येक सूर आधीं मनांत पक्का करावा लागतो. या फितींतील नेटकेपणा आम्हांस तेथूनच आलेला दिसतो. गोव्यांतील टेलिफोनची थट्टा करणारें गीत घ्या: तक्रार घरगुती, भाषा इंग्रजी, पण मिस्किलपणा अस्सल गोंयकाराचा.

उणीव आहे ती संगतीची. तबलजीनें गवयाला अवचित पेंचांत पकडावें व गवयानें हंसत सम गांठावी, ती गंमत येथें नाहीं. स्वतःचीच साथ करणाऱ्यास चकविणारा कोण?

तरीही दुसऱ्याच्या पसंतीची वाट पाहत ते बसले असते, तर शिवोलीच्या माणसाचें शिवोलीच्या ढंगांतील बोलणें कदाचित् फितीवर आलेंच नसतें. आपण मुलांस हल्ली गाणें शिकवितों, तें बहुधा स्पर्धेच्या परीक्षकांस आवडेल असें. त्या मुलांनीं ही फीत एकदां ऐकावी. आणि साथीदार मात्र अवश्य शोधावे.