मिश्र यादी आणि ऐच्छिक आर्ग्युमेंट : एका रूढ रचनेचे परीक्षण

परभणी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांचे पावसाळी दिवस मोजणारा एखादा छोटा पायथन प्रोग्रॅम कल्पावा. तालुक्यांच्या यादीत जिंतूर, पाथरी, मानवत ही नावे नुसतीच आहेत. गंगाखेडसोबत मात्र निराळी मर्यादा, तर पूर्णेसोबत मर्यादा व आरंभवर्ष जोडलेले आहे. लूप प्रत्येक घटकाला त्याची जात विचारतो आणि उत्तरानुसार एकच फंक्शन तीन तऱ्हांनी बोलावतो. ही रचना इतकी रूढ आहे की तिच्यात काही वावगे आहे, असे सहसा कोणास वाटत नाही.

तिचा दोष केवळ लांबीचा नव्हे. नाव आवश्यक आणि मर्यादा, आरंभवर्ष व तुटक नोंदींची व्यवस्था ही तीन आर्ग्युमेंट ऐच्छिक मानली, तर असण्या-नसण्याची आठ रूपे संभवतात; लूप बापडा त्यांतील तीनच ओळखतो. शिवाय भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर वा अधिक पावसाचा दिवस तो पावसाळी दिवस. ही मर्यादा फंक्शनच्या व्याख्येत डिफॉल्ट म्हणून एकदा लिहिली की पुरे. तीच लूपच्या शाखांतूनही लिहिली, तर एके ठिकाणी केलेली दुरुस्ती दुसरीकडे राहून जाते.

यावर सुचणारे पहिले सुलभीकरण म्हणजे प्रत्येक घटक तारांकित करून फंक्शनपुढे पसरणे. पण स्ट्रिंग हीही एक मालिकाच असते. ‘जिंतूर’ पसरले की काना-मात्रा सुट्या होऊन सहा आर्ग्युमेंट पडतात, आणि चारच घेणारे फंक्शन तेथे तक्रार करून थांबते. ‘पालम’ आणि ‘सेलू’ यांची मात्र नेमकी चार चिन्हे होतात! ती दारातून निमूटपणे आत जातात; तालुक्याचे नाव ‘प’ आणि पावसाची मर्यादा एक सुटा काना, असा प्रकार होतो.

दुसरे सुलभीकरण रिकाम्या जागा भरून सर्व घटक सारख्या लांबीचे करण्याचे. ‘नन’ भरले तर डिफॉल्ट लागूच होत नाही, कारण फंक्शनच्या दृष्टीने ते दिलेले मूल्य असते. शून्य भरले तर अनर्थ अधिक : मर्यादा शून्य झाल्याने ठणठणीत कोरडा दिवसही पावसाळी ठरतो आणि प्रोग्रॅम हूं की चूं करीत नाही. मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात ही चूक किरकोळ म्हणता येत नाही.

ग्राह्य मार्ग असा दिसतो की, लूपपूर्वीच प्रत्येक घटकाला नाव आणि डिक्शनरी अशा जोडीचे रूप द्यावे. सांगण्यासारखे काही नसेल तेथे डिक्शनरी रिकामी राहते, आणि न दिलेले आर्ग्युमेंट खरोखरच न दिलेले राहते. लूपमध्ये मग एकच ओळ उरते. जातीची चौकशी नष्ट होत नाही हे खरे. ती वेशीवर एकदाच होते, आणि अनोळखी रूप तेथेच नाकारता येते.

मात्र हे एकरूपीकरण सर्वत्र इष्ट नाही. यादीत ‘परभणी’ असेल तर तो तालुका की जिल्हा? जिल्हा म्हणावा तर १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाल्यावर त्या नावाखालचे क्षेत्रच बदलले. हा भेद ऐच्छिक आर्ग्युमेंटचा नसून वस्तूंचाच आहे. तेथे तालुक्यांची आणि जिल्ह्यांची यादी वेगळी ठेवून, जिल्ह्याच्या फंक्शनला वर्ष हे आर्ग्युमेंट सक्तीचे करणेच योग्य.