उच्च प्राथमिक स्तरावरील मूल्यमापन : नोंद आणि आधार

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा आग्रह धरला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. यासंबंधीची चर्चा परीक्षा असावी की नसावी, यातच अडकते. मूळ प्रश्न चुकीच्या आकलनाचा आहे. सहावीतील विद्यार्थी १/२ + १/३ = २/५ असे लिहितो, तेव्हा शून्य गुण काय किंवा ‘सुधारणा आवश्यक’ ही नोंद काय, दोन्ही मुक्याच राहतात. समान लांबीच्या कागदी पट्ट्यांवर २/५ हे १/२ पेक्षाही लहान दिसल्यास तो स्वतःच आपले उत्तर तपासू लागतो. हा आधार त्याच तासिकेत मिळावयास हवा; आठवीची फेरपरीक्षा त्यासाठी दोन वर्षे उशिरा येते. म्हणून रकाने भरण्याचा भार कमी करून शिक्षकास वहीतील चूक वाचण्याची सवड देणे, हीच खरी सुधारणा होय.