‘झाला’ आणि ‘वाटला’ : दुहेरी तारजोडणीच्या समीक्षेची भाषा

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखाचा काल डॉ. भाऊ दाजी यांनी शक ७८२ असा वाचला होता. पुढे पं. भगवानलाल इंद्रजी यांनी तो शक ९८२, म्हणजे इ. स. १०६० असल्याचे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने लेखाचा काल दोनशे वर्षांनी पुढे सरकला. पहिले वाचन चुकीचे ठरले खरे; परंतु त्या विधानाचा प्रकार सदोष नव्हता, कारण ते शिळेवर पुन्हा पडताळून पाहता येत होते. हाच निकष घरगुती ध्वनियंत्रांच्या समीक्षेस लावला असता काय आढळते, हे बाय-वायरिंग अर्थात दुहेरी तारजोडणीच्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे.

या पद्धतीत स्पीकरच्या मागील धातूच्या जोडपट्ट्या काढून खर्जाच्या वूफरला व उच्च स्वरांच्या ट्वीटरला ॲम्प्लिफायरपासून तारांची स्वतंत्र जोडी देतात. खर्जाचा प्रबळ प्रवाह मग उच्च स्वरांस बाधा आणीत नाही, असा समर्थकांचा युक्तिवाद असतो. त्यात तथ्यांश आहे; सामाईक तारेच्या रोधामुळे एका भागाचा परिणाम दुसऱ्यावर होतोच. प्रश्न आहे तो परिमाणाचा. स्पीकर ५ मीटर अंतरावर असेल, तर जाऊन-येऊन १० मीटर भरणाऱ्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०७ ओहम होतो. ८ ओहमच्या स्पीकरच्या बाबतीत त्यामुळे होणारी घट ०.१ डेसिबलहूनही कमी असते. दुप्पट छेदक्षेत्रफळाची एकच तार घेतली, तरी ती निम्म्यावर येते. शिवाय तारांच्या दोन्ही जोड्या ॲम्प्लिफायरच्या त्याच अग्रांना जोडलेल्या असतात. स्वरांची वाटणी तार करीत नाही; ती स्पीकरमधील क्रॉसओव्हर करतो.

समीक्षक मात्र लिहितो, ‘तार बदलताच आवाज स्वच्छ झाला.’ येथे ‘झाला’ हे क्रियापद ध्वनीत घडलेला बदल सांगते. वस्तुतः समीक्षकापाशी असतो तो अनुभव, आणि त्याचे क्रियापद ‘वाटला’ हे होय. ‘वाटणे’ या क्रियापदास अनुभव घेणाऱ्याची अपेक्षा असते. ‘मला’ हे पद तेथे उच्चारले नाही तरी अभिप्रेत असते. ‘झाला’ म्हणताच ते नाहीसे होते आणि व्यक्तीची साक्ष हा वस्तूचा गुण होऊन बसतो.

‘वाटला’ हे विधान कोणास खोडून काढता येत नाही. परंतु तारेविषयी ते काही सिद्धही करीत नाही. ‘झाला’ म्हणावयाचे, तर दोन्ही जोडण्यांची ध्वनिपातळी समान ठेवून, कोणती चालू आहे हे श्रोत्यास कळू न देता, त्याने ती अनेकवार अचूक ओळखली पाहिजे. खर्चिलेला पैसा आणि डोळ्यांसमोरील नवी तार यांचा श्रवणावर परिणाम होतो. ही अप्रामाणिकता नव्हे. तो श्रवणाचा स्वभावच आहे, आणि म्हणूनच परीक्षेची आवश्यकता आहे.

श्रोत्याच्या आनंदास येथे कोणताही आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या आनंदाला वस्तुस्थितीचे क्रियापद देण्यास. शिलालेखाच्या वाचकांना वाद मिटविण्यासाठी शिळेकडे परत जाता आले. ध्वनीच्या समीक्षकास तशी सोय या परीक्षेनेच मिळू शकते. ती केली नसेल, तेथे ‘वाटला’ एवढेच लिहिणे उचित होय.