कुंडीतला वड आणि फलकावरचे विज्ञान

पुष्पप्रदर्शनात बोन्सायचे टेबल आले, की शाळेच्या मुलांची रांग तिथे अडते. नाशिक महापालिकेच्या पुष्पोत्सवातही हे टेबल असते. हातभर उंचीचा, पारंब्या सोडलेला वड पाहून मूल विचारते, "हा एवढाच कसा राहिला?" विज्ञानशिक्षकाला याहून चांगला प्रश्न मिळणे कठीण. परंतु त्याचे जे उत्तर अनेक माहितीफलकांवर, हस्तपुस्तिकांत आणि पुढे वर्गातही दिले जाते, ते मात्र तपासून घ्यायला हवे.

पहिले उत्तर असते, 'मुळे कापली की झाड खुजे राहते.' हे अर्धेच सत्य आहे. मुळे छाटलेला वड जमिनीत लावला, तर तो नवी मुळे फोडून पुन्हा वाढीला लागतो. मुळांची छाटणी ही मुख्यतः उथळ कुंडीत नव्या तंतुमुळांना जागा करून देण्यासाठी असते. झाड लहान राहते ते तीन गोष्टींमुळे : मुळांना मिळालेली मर्यादित जागा, पुन्हा पुन्हा खुडलेले शेंडे आणि त्यामुळे कमी राहिलेले पानांचे एकूण क्षेत्रफळ. फलकावर कात्री दिसते; शेंडा का खुडायचा, हे मात्र क्वचितच सांगितलेले असते.

नाशिक जिल्ह्यातील शिक्षकाला हे शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. वर्गात द्राक्षबागाईतदारांची मुले असतातच. एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी आणि वाढत्या फुटीचा शेंडा खुडणे हे त्यांच्या नित्य पाहण्यातले. वाढणाऱ्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरते आणि पानांच्या बगलेतील कळ्यांना दबवून ठेवते. शेंडा गेला की दाब उठतो, बगलेतील कळ्या फुटतात आणि उंचीऐवजी फांद्या वाढतात. बोन्सायचा डेरेदार माथा याच नियमाने घडतो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. बोन्सायला 'बुटक्या जातीचे झाड' म्हटले जाते. इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. मेंडेलचा बुटका वाटाणा जन्मजात बुटका असतो. खोड लांबवणारे जिबरेलिन क्रियाशील रूपात आणणारे विकर त्याच्यात नीट काम करत नाही. त्यामागचे जनुक १९९७ साली ओळखले गेले. हा बुटकेपणा बियांतून पुढे उतरतो. कुंडीतल्या वडाची जनुके मात्र रानातल्या वडासारखीच असतात. त्याची फांदी तोडून शेताच्या बांधावर लावली, तर यथावकाश तिचा महावृक्ष होईल. आईबापांनी कमावलेला किंवा गमावलेला आकार मुलांत उतरतो, हा समज वर्गात चिवटपणे टिकून असतो. तो दूर करायला बोन्सायइतके चांगले साधन नाही, आणि नेमके तेच साधन आपण तो समज पक्का करायला वापरतो! इथेही द्राक्षबाग मदतीला येते. घड ज्या 'जीए'च्या द्रावणात बुडवतात, ते जिबरेलिक आम्लच. आणि वेलीची वाढ आवरायला वापरतात ते 'सीसीसी' जिबरेलिन बनण्याची क्रियाच रोखते.

तिसरे विधान म्हणजे बोन्साय घरातली हवा शुद्ध करतो. कुंडीतल्या झाडांनी काही प्रदूषक वायू शोषल्याचे प्रयोग बंदिस्त पेट्यांत झाले होते. २०१९-२० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडकीतून सहज होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायची, तर जमिनीच्या दर चौरस मीटरमागे १० ते १००० झाडे ठेवावी लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे खिडकी उघडणे अधिक शास्त्रीय. शिवाय वड हे उन्हाचे झाड. दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला वड अपुऱ्या प्रकाशात पाने गाळू लागतो.

याउलट बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असे म्हणणाऱ्यांचेही म्हणणे पाहू. झाडाला मज्जासंस्था नाही, म्हणून माणसाच्या वेदनेचे माप त्याला लावता येत नाही. आरोग्याचे माप लावता येते. जपानमध्ये १६२५ पासून कुंडीत जोपासलेला एक पाइन हिरोशिमातील १९४५च्या अणुस्फोटातूनही वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट देण्यात आला. निगा राखलेले झाड शतके जगते. छळ होतो तो निगा न राखण्याने.

त्या निगेविषयी फलक गप्प असतात. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तडकते, त्यामुळे उथळ कुंडीत ती एकटी चालत नाही. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि कुजलेले खत यांचे मिश्रण घ्यावे. पाणी वरून घातले की तळाच्या छिद्रातून लगेच बाहेर आले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत दोन वेळा पाणी लागते. वडाची कुंडी बदलणे आणि मुळे छाटणे पावसाच्या सुरुवातीला करावे. वाढीच्या दिवसांत खोड झपाट्याने जाड होते, म्हणून आकार देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतण्यापूर्वीच काढावी.

कलेच्या बाजूनेही एक तक्रार आहे. आपल्याकडचे बरेच वड जपानी पाइनच्या साच्यात बसवलेले दिसतात. पंचवटीतले वड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे खटकावे. वडाची ओळख त्याचा आडवा विस्तार आणि पारंब्या हीच. शिवाय छाटणीने पान जितके लहान होते, तितके फळ होत नाही; त्यामुळे इवल्या वडावर पूर्ण आकाराची फळे लागली की प्रमाण बिघडते. मुळातच लहान पानांचे आणि लहान फळांचे नांदरूक म्हणूनच अधिक शोभते.

शिक्षकांनी एक प्रयोग जरूर करावा. एकाच नांदरुकाच्या दोन सारख्या फांद्या रुजवाव्यात. एक उथळ कुंडीत ठेवून तिचे शेंडे खुडत राहावे, दुसरी शाळेच्या आवारात लावावी. दर महिन्याला उंची, पानांची संख्या आणि पानाची लांबी मुलांनीच नोंदवावी. दोन-तीन वर्षांत त्यांच्या वहीत जो तक्ता तयार होईल, तोच प्रदर्शनातल्या कुंडीशेजारी लावण्याजोगा खरा फलक.